सप्ताह, जकात, कापणीचा सण: बायांच्या हक्काच्या कामासाठी श्रद्धेचा पैसा कसा मागावा

आमची संघटना नेवासा तालुक्यातल्या एकट्या बायांची. नवरा वारलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, मारहाण सोसून माहेरी परत आलेल्या. मराठा, माळी, धनगर, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्या एकाच सतरंजीवर बसतात. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावून घेणं, मारहाणीच्या केसमध्ये बाईबरोबर उभं राहणं आणि पेन्शन-रेशनचे कागद पुरे करणं, हे आमचं काम. हिशेबाची वही माझ्याकडे आहे, त्यामुळे पैसे उभे करणंही माझ्याकडेच आलं.

अशा कामाला कंपन्यांचा पैसा फारसा येत नाही. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या बाईचा खर्च त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. गावात मात्र श्रद्धेचा पैसा दरवर्षी ठरलेल्या वेळी बाहेर पडतो, मग सप्ताह असो, रमजान असो, कापणीचा सण असो की धम्मचक्र प्रवर्तन दिन. तो आपल्या कामाकडे वळवता येतो. त्यासाठी देणारा कशासाठी देतो हे आधी समजून घ्यावं लागतं, आणि त्याच्या देण्यामुळे आपल्या दारात कोण येईल हे ठरणार नाही याची व्यवस्था करावी लागते. माझ्या अनुभवात या दोन गोष्टी जमल्या की बाकीचं जमत जातं.

मागण्याआधी खर्च मोडून लिहा

‘महिलांच्या सक्षमीकरणासाठी मदत करा’ असं म्हटलं की समोरचा शंभराची नोट काढतो आणि विषय संपतो. ‘एका बाईचं नाव सातबाऱ्यावर लावायला इतका खर्च येतो’ असं सांगितलं की तो विचारतो, कसा काय? तिथून बोलणं सुरू होतं.

आम्ही वारस नोंदीचा खर्च एका पानावर लिहिलाय. मृत्यू दाखला, सातबारा आणि जुन्या फेरफारांच्या नकला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, तालुक्याला येणं-जाणं. एसटीत बायांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ते निम्मंच लिहायचं. सगळ्यात मोठी रक्कम असते बुडालेल्या मजुरीची. ती लिहायला लाजू नका. शेतात रोजाने जाणारी बाई एक दिवस तहसीलला गेली की त्या दिवसाची चूल त्यातून पेटवायची असते. फेरफाराची नोंद झाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. दिराने किंवा सासऱ्याने हरकत घेतली तर नोंद वादात जाते, तारखा पडतात आणि खर्च वाढत जातो. म्हणून पानावर दोन आकडे ठेवा, एक बिनहरकत नोंदीचा आणि दुसरा हरकत आली तर लागणारा.

जे फुकट मिळतं त्यासाठी दान मागू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी पैसे घेत नाही. वकिलाच्या फीसाठी वर्गणी मागितली आणि उद्या देणाऱ्याला कळलं की तालुक्याच्या कोर्टात मोफत वकील होता, तर पुढच्या वर्षी तो दार उघडणार नाही. पैसा मागायचा तो मधल्या गोष्टींसाठी: सोबत जाणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन, प्रवास, बुडालेली मजुरी, रात्री बाहेर काढलेल्या बाईला दोन दिवस ठेवण्याची सोय.

सप्ताह

आमच्या भागात गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतो. घरटी वर्गणी, रोजची पंगत, कीर्तनकारांची बिदागी, शेवटच्या दिवशी काला. पैसा आणि धान्य भरपूर जमतं. कमिटीत बहुतेक पुरुष असतात आणि कीर्तनाला समोर बहुतेक बाया.

थेट कमिटीकडे जाऊ नका. पहिलं दार महिला भजनी मंडळाचं. त्यांच्याकडे बहुतेक वेळा स्वतःची भिशी असते, आणि मंडळातल्या दोन-तीन जणी स्वतः विधवा असतात. त्यांना आपलं एक पानाचं खर्चाचं गणित दाखवा. त्यांनी पहिली रक्कम दिली की कमिटीकडे जाताना त्याच पुढे असतात, आणि मग अध्यक्ष मामांना ‘हे बाहेरच्या बायांचं काय आहे’ असं म्हणता येत नाही.

कमिटीकडे सप्ताहाच्या आधी महिनाभर जावं, वर्गणीची बैठक व्हायच्या आत. सप्ताहाच्या खर्चात कपात मागू नये. मागायचं ते असं: एका पंगतीचा यजमान आपल्या पंगतीबरोबर गावातल्या एका बाईच्या नोंदीचा खर्च उचलेल का? किंवा काल्यानंतर जी शिल्लक राहील तिच्यातला ठरावीक भाग. अन्नदानाची सवय लागलेल्या माणसाला हे पटतं, कारण तो एका कुटुंबाच्या भाकरीचीच सोय करतो, फक्त एका जेवणाची न करता कायमची. कीर्तनकार महाराज भले असतील तर त्यांना आधी भेटा. मुक्ताबाई आणि जनाबाई कीर्तनात येतातच, त्यांच्या जोडीने गावातल्या विधवेच्या शेताचा विषय दोन मिनिटं आला तर आम्ही दहा बैठका घेऊन जे होत नाही ते होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ही गोष्ट कमिटीला सांगा. आपल्यासारख्याच एका गावाने ठरवलं म्हटलं की लोक ऐकून घेतात.

आता अवघड भाग. ज्या गावात ज्या दिराने वहिनीची जमीन दाबली, तोच सप्ताह कमिटीत असू शकतो. म्हणून आमच्या वहीत एक पान असं आहे की ज्यावर चालू केसमधल्या विरुद्ध बाजूच्या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची नावं आहेत. पैसे घेण्याआधी ते पान उघडायचं. त्या नावाचा पैसा घ्यायचा नाही, रक्कम कितीही असो, केस मिटेपर्यंत. नम्रपणे सांगायचं: ‘मामा, तुमच्या घरचं प्रकरण आमच्याकडे आहे, ते होऊ द्या, मग आम्ही स्वतः येऊ.’ त्या गावात कमिटीऐवजी फक्त भजनी मंडळाकडून घ्यायचं. हे पान नसेल तर बाकी काही सुरू करू नका.

जकात आणि सदका

मुसलमान दात्यांकडे जाताना नियम नीट शिकून जा, कारण जकातीचे, म्हणजे ऐपत असलेल्या मुसलमानाने दरवर्षी द्यायच्याच दानाचे, नियम पक्के आहेत. चांदी साठ ग्रॅम की सहाशे ग्रॅम असा गोंधळ आपल्या तोंडून झाला तर लोक गंभीरपणे घेत नाहीत. वर्षभर हाती राहिलेली संपत्ती निसाबच्या, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेच्या, वर असेल तर तिच्या अडीच टक्के, म्हणजे चाळीसावा हिस्सा, जकात निघते. निसाब चांदीत साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम, हे हिशेबात सगळ्यात जास्त वापरलं जातं. जकात कोणाला द्यायची ते कुराणातच आठ गटांत सांगितलंय. त्यात गरीब आणि गरजू आहेत, कर्जात बुडालेले आहेत.

आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की, हनफी पंथात जकातीचा पैसा घेणाऱ्याच्या मालकीचा व्हावा लागतो. म्हणजे तो थेट त्या बाईच्या हातात जायला हवा. त्यातून संघटनेचा मेळावा किंवा ऑफिसचं भाडं भागवता येत नाही. बहुतेक उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, मते जकात मुसलमान गरजूंनाच जाते. म्हणून आम्ही जकातीची पावती वेगळ्या पुस्तकातून देतो आणि ती रक्कम तलाक झालेल्या किंवा विधवा मुस्लिम बहिणींना थेट देतो. कर्ज फेडायला, पोरांच्या फीला, केस चालू असताना घरभाड्याला. कशाला वापरायची ते ती ठरवते. मेळावा, प्रवास, कार्यकर्तीचं मानधन यासाठी सदका, म्हणजे खुशीने दिलेलं दान, मागायचा. सदका कोणाही जातिधर्माच्या गरजूला चालतो आणि त्याच्यावर असं बंधन नसतं. मागतानाच ‘हे जकातीसाठी, हे सदक्यासाठी’ असं स्पष्ट बोला, म्हणजे देणाऱ्याच्या मनाला शंका राहत नाही.

वेळ रमजानच्या आधीची, शाबान महिन्यातली. रमजान सुरू झाल्यावर प्रत्येक दारात मदरशांची आणि संस्थांची रांग असते. आणि एक गोष्ट जी पुष्कळ कार्यकर्ते विसरतात: दागिने बाईचे असतील तर त्यांची जकातही तिची असते. आपण मशिदीच्या ट्रस्टींकडे जातो आणि घरातल्या बायांशी बोलतच नाही. आमच्या मुस्लिम कार्यकर्तीने ओळखीच्या घरांत दुपारी बसून बायांना त्यांच्या दागिन्यांची जकात काढायला मदत केली. त्यातल्या काही जणींनी आपली जकात पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने दिली. तेव्हा त्या बोलायला लागल्या, आणि पुढे दोन केस त्याच ओळखीतून आल्या.

विहार, चर्च, देवस्थान

विहारात फार समजावून सांगावं लागत नाही. नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा असं सांगितलं होतं. वयस्क माणसांना ते पाठ आहे. वर्षावासात, आषाढ ते आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज ग्रंथवाचन असतं आणि तिथे महिला मंडळच पुढे असतं. तेव्हा जा. माझा अनुभव सांगते: आमच्या दात्यांमध्ये सगळ्यात कमी मिळकतीचे हे लोक आहेत, आणि ‘हक्क’ या शब्दाला सगळ्यात कमी बिचकणारेही हेच. त्यांच्याकडून मोर्चाच्या गाडीला पैसे मिळतात, जे दुसरीकडे मिळत नाहीत.

आमच्या जिल्ह्यातल्या मराठी चर्चमध्ये कापणीचा सण असतो. लोक धान्य, भाजी, कोंबड्या आणतात, लिलाव होतो. तो पैसा चर्चच्या खर्चाचा असतो, त्यामुळे आयत्या वेळी हात पुढे करू नये. सणाच्या दोन महिने आधी पाळकसाहेबांना आणि महिला मंडळाला भेटून विचारावं की लिलावातली एखादी वस्तू, एक पोतं ज्वारी म्हणा, या कामासाठी बाजूला ठेवता येईल का. चर्चच्या महिला मंडळांना ‘लहानात लहान नाण्याची सहभागिता’ ही गोष्ट माहीत असते. १९५६ मध्ये आशियातल्या देशांत फिरणाऱ्या बायांच्या एका गटातल्या शांती सॉलोमन या भारतीय बाईंना कोरियाचा व्हिसा नाकारला गेला आणि त्यांना फिलिपिन्समध्ये थांबावं लागलं. तिथे त्यांना सुचलं की प्रत्येक प्रार्थनेबरोबर बाईने आपल्या देशातलं लहानात लहान नाणं बाजूला ठेवावं, म्हणजे गरीब-श्रीमंत दोघींचं देणं सारखं होईल. ती चळवळ पुढे अनेक देशांत गेली आणि त्या नाण्यांतून बायांच्या कामांना पैसा मिळत आलाय. आम्ही तेच रूप उचललं: दर बैठकीला प्रत्येकीने एक रुपया, जास्त घ्यायचा नाही. रक्कम लहानच, पण ‘तुमच्या बाया स्वतः काय देतात?’ या प्रश्नाला वही उघडून दाखवता येते.

मोठी देवस्थानं वैद्यकीय आणि शैक्षणिक मदतीला सरावलेली आहेत. सिद्धिविनायक न्यास रुग्णांना मदत करतो, पुस्तकपेढी चालवतो, शिर्डी संस्थानची रुग्णालयं आहेत. तिथे संघटनेसाठी मागत बसण्यात वेळ घालवू नका. आजारी बाईचा किंवा तिच्या लेकराचा अर्ज नीट भरून द्या, कागद पूर्ण जोडा. त्यातून वाचलेले आपले पैसे हक्काच्या कामाला लागतात.

भाऊबीजेबद्दल मात्र थांबून सांगते. हिंगण्याच्या कर्वे संस्थेने स्त्री-शिक्षणासाठी भाऊबीज निधी उभा केला, दारोदार फिरून, भावाकडून बहिणीला ओवाळणी मागावी तसा. आमच्याकडे या सणाला आणखी एक अर्थ आहे. याच दिवसांत माहेरी आलेल्या बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला, पण साडी-चोळीत तो वाटा निघून जातो. म्हणून आम्ही भाऊबीजेला दोन गोष्टी घेऊन फिरतो: पावती पुस्तक आणि हक्कसोडाआधी काय विचारावं याचं एक पानाचं पत्रक. जो भाऊ ओवाळणी म्हणून आमच्या कामाला पैसे देतो, त्याच्या बहिणीच्याही हातात ते पत्रक पडतं. काही दारांत पैसे मिळत नाहीत, पत्रक मात्र आत जातं.

अटी आधी कागदावर: रमाबाईंपासून शिकण्यासारखं

पंडिता रमाबाईंनी हे सगळं आपल्या आधी करून ठेवलंय. १८८७ च्या डिसेंबरमध्ये बोस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मगुरू तिचे अध्यक्ष होते. गावोगावी मंडळं निघाली आणि सदस्यांनी वर्षाला निदान एक डॉलर, दहा वर्षं, असं वचन दिलं. त्या पैशावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे, तिथे शिकल्या. दहा वर्षांचं वचन ही फार शहाणपणाची मागणी होती. एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरवर्षीची लहान रक्कम बाईच्या केसला जास्त उपयोगी, कारण केस वर्षानुवर्षं चालते.

अट अशी होती की शाळा कोणत्याही पंथाची नसेल. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. तोवर सदन पुण्याला आलं होतं. तिथे बोभाटा झाला, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर ज्यात होते त्या सल्लागार मंडळाने अंग काढून घेतलं, पालकांनी मुली काढून नेल्या. कोण बरोबर हा वाद अजून चालू आहे. मी त्यातून एवढं घेतलंय की ‘धर्मनिरपेक्ष’ एवढा एक शब्द लिहून भागत नाही. उघड्या दाराचं काय, हेही लिहावं लागतं.

आमच्या कागदावर असं लिहिलंय: मदत मिळणाऱ्या बाईला कोणत्याही प्रार्थनेला, आरतीला, दुआला येण्याची सक्ती नाही आणि मनाईही नाही. बैठकीची सुरुवात कोणत्याही एका धर्माच्या गीताने होणार नाही. बाईची जात, धर्म, ती परत लग्न करणार की नाही, पोर कोणाचं, यावर मदत अडणार नाही. स्टेजवर बोलावून वस्तू देणं नाही, फोटो नाही, केसमधल्या बाईचं नाव दात्याला सांगणं नाही. या कागदावर दाता आणि आम्ही दोघं सही करतो. काही जण सही न करता उठून जातात. जाऊ द्यावं.

पावती, कायदा, हिशेब

नोंदणी नसेल तर लोकांकडून वर्गणी गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. गणेश मंडळं घेतात तीच. काम टिकणार असेल तर सात जणींनी मिळून संस्था नोंदवा.

रोख रक्कम दोन हजारांच्या वर घेतली तर दात्याला आयकरात ८०जीची सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती तशीही नाही. श्रद्धेने देणारे बहुतेक जण ती विचारतही नाहीत. गुप्तदानाचा प्रश्न मोठा आहे. सगळ्या धर्मांत नाव न सांगता देणं श्रेष्ठ मानतात, पण निव्वळ धार्मिक नसलेल्या संस्थेला निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपुढे गेल्या की त्यांवर ३० टक्के कर बसतो. आम्ही दात्याला सांगतो: नाव-पत्ता पावतीवर राहील, गावात कोणाला कळणार नाही. हे बहुतेकांना पटतं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि कलमांचे, फॉर्मचे क्रमांक बदललेत, तेवढं सीएकडून तपासून घ्या.

परदेशातला पैसा वेगळा विषय. पुतण्या अमेरिकेत आहे पण पासपोर्ट भारताचा आहे, तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्गे पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरतात, मग तो कितीही आपला असला तरी एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घ्यायचे नाहीत. नोंदणीसाठी संस्था निदान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत पंधरा लाख रुपये कामावर खर्च झालेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेने आलेला परकीय पैसा दुसरीला देता येत नाही, त्यामुळे ‘मोठ्या संस्थेकडून आपल्याला मिळेल’ ही जुनी वाट बंद आहे. ब्रिटनमधले बौद्ध लोक १९८० पासून करुणा ट्रस्टमार्फत दारोदार फिरून इथल्या दलित वस्त्यांतल्या कामांसाठी पैसा उभा करतात, जर्मनीतल्या चर्चच्या मिझेरिओर आणि ब्रोट फ्युअर डी वेल्ट या संस्था आहेत. त्यांच्यापर्यंत जायचं तर आधी ही कागदपत्रं लागतात. तोवर आपलं गाव आहे.

हिशेब परत नेऊन द्यायचा, आणि ज्याला जसा कळतो तसा. सप्ताह कमिटीला पुढच्या बैठकीत तोंडी, आकडे वाचून. जकात देणाऱ्याला घरी जाऊन, रक्कम पूर्णपणे गरजूच्या हातात गेली हे सांगून. विहारात आणि चर्चमध्ये फलकावर. किती नोंदी झाल्या, किती अडकल्या, किती बायांनी मध्येच केस सोडली, तिन्ही आकडे द्या. बाईने केस का सोडली हे विचारलं तर कारण सांगू नका, ते तिचं आहे. खर्च झालेला रुपया आणि उरलेला रुपया दोन्ही दाखवा, आणि उरलेल्याचं पुढे काय करणार ते त्याच बैठकीत विचारून घ्या.